३० सेकंद गप्प

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. नातेवाइकांच्या भाषेत माइकवाला. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेत शिकलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ साली साउंडसाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा वाटलं, आता तरी घरच्यांना कळेल. काकांचा फोन आलाही. म्हणाले, "वा! मग यंदा गणपतीत स्पीकर स्वस्तात देशील ना?"

लोकांना वाटतं, आमचं काम आवाज पकडायचं. मी तर दिवसभर आवाज बंद करत हिंडतो. परवा मढच्या बंगल्यात मालिकेतलं हळदीकुंकू होतं. आधी पंखे आणि एसी बंद. लगेच मेकअपदादांच्या शिव्या, कारण घामानं त्यांची मेहनत ओघळते. मग फ्रिज. तो बंद करताना बाइकची किल्ली आत ठेवायची, म्हणजे निघताना चालू करायचा राहत नाही. (एका घरमालकांची दोन किलो सुरमई अजून माझ्या नावावर आहे.)

सासूबाईंचा लेपल माइक, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, पैठणीच्या आत, त्यावर मंगळसूत्र, हातात डझनभर बांगड्या. त्यांनी "सूनबाई!" म्हणत छातीवर हात ठेवला की माझ्या हेडफोनमध्ये भांड्यांची मांडणी कोसळते. माइक सरकवला तर पदर सळसळतो. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, खाली आणला तर त्याची सावली थेट चौरंगावर. लाइट चुकला तर सगळं युनिट तासभर थांबतं, आवाज बिघडला तर म्हणे, "डबिंगमध्ये बघू."

शेवटी रूम टोन. म्हणजे सगळ्यांनी ३० सेकंद गप्प उभं राहायचं आणि मी त्या खोलीची रिकामी शांतता टिपायची. संवादांच्या मधली भोकं बुजवायला एडिटरला ती लागते. चाळीस माणसं पुतळ्यासारखी उभी राहिली की नेमकं कुणाला तरी शिंकायचं असतं. पहिल्यांदा विमान गेलं. दुसऱ्यांदा खिडकीत कावळा आला. स्पॉटदादांनी त्याला लांब न्यायला मागच्या अंगणात पाव टाकला. पाच मिनिटांत अख्खा पितृपक्ष जमला.

दोनचं जेवण साडेतीनवर गेलं. कावळ्यांची पंगत उठली, तेव्हा कुठे ३० सेकंद मिळाले. मी विजयी मुद्रेनं किल्ली काढून फ्रिज चालू केला.

रात्री एडिटरचा फोन. "दादा, विसाव्या सेकंदाला गुर्रर्र असं काय आहे रे? कुत्रा?"

कुत्रा नव्हता. कावळेच होते, माझ्या पोटातले.