पुस्तक, टेबल आणि चुकीची जोडी

टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाने वर लावलेलं बल ही एका लेखात न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणून दिली आहे. ती जोडी नाहीच. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. जोडीतली बलं कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. १ किलोच्या पुस्तकाला पृथ्वी ९.८ न्यूटनने ओढते, तर पुस्तकही पृथ्वीला ९.८ न्यूटनने वर ओढतं. ही खरी जोडी. हेच टेबल लिफ्टमध्ये असेल, तर लिफ्ट वर निघताना टेबलाचं बल वजनापेक्षा वाढतं, तरी ही जोडी तशीच राहते.

जोडीतली बलं सारखीच असतात हे वर्गात दाखवायला दोन ताणकाटे (स्प्रिंगने बल मोजणारे काटे) पुरतात. एक १० न्यूटनचा, दुसरा मुद्दाम ५० चा घ्या. त्यांचे हुक एकमेकांत अडकवून टेबलावर आडवे ठेवून ओढा. दोन्हींवर वाचन सारखंच येतं, मग ओढणारा एक असो वा दोन. मुलं मात्र स्प्रिंग किती ताणली तेच बघतात आणि ‘१० वाल्यावर जास्त बल’ म्हणतात. त्यांना आकडे वाचायला लावा. काटे आडवे ठेवूनच शून्यावर आणा, कारण उभ्या स्थितीत हुकचं वजनही ओढत असतं. तिरकं ओढलंत तर दांडी आत घासते आणि वाचनं जुळत नाहीत, मग मुलं नियमालाच खोटं ठरवतात!