आयकॉन उडवला म्हणजे सॉफ्टवेअर गेलं?

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरून फिरून एक मेसेज येतो: ‘नको असलेलं सॉफ्टवेअर मुळासकट काढा! आयकॉन डिलीट करा, प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर उडवा, रजिस्ट्री क्लीनर फिरवा. तरी राहिलं तर फॉरमॅट.’

आयकॉनबद्दल फार बोलायला नको. तो नुसता शॉर्टकट, दोन-चार केबीचा.

फोल्डर उडवणं मात्र अंगाशी येतं. शेजारच्या काकांनी एक पीडीएफ कन्व्हर्टर असाच ‘काढला’. त्याचा अनइन्स्टॉलर त्याच फोल्डरमध्ये होता, तोही गेला. आता सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत नाव जसंच्या तसं, आणि अनइन्स्टॉल दाबलं की ‘फाइल सापडत नाही’. शेवटी तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि यादीतून रीतसर काढली. हसू नका, अशा वेळी बहुधा हाच सोपा रस्ता असतो. मग रीस्टार्ट, आणि त्यानंतरच ॲपडेटा व प्रोग्रामडेटा या लपलेल्या फोल्डरांतला उरलासुरला कचरा हाताने साफ. ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही डोकावलं, तर त्याचा अपडेटर तिथे रोज सकाळची वेळ लावून बसलेला! अँटीव्हायरस असेल तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरावं, साध्या अनइन्स्टॉलने तो पुरता निघेलच असं नाही.

रजिस्ट्री क्लीनर? रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम्सच्या सेटिंग्जची नोंदवही. तिच्यात मागे राहिलेल्या चार नोंदींनी कॉम्प्युटर मंद होत नाही. उलट चुकीची नोंद उडाली तर विंडोज नव्याने टाकायची पाळी येऊ शकते; मायक्रोसॉफ्टही या क्लीनरांची जबाबदारी घेत नाही. शिवाय २०१७ मध्ये सीक्लीनर या अशाच एका क्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं, तेही कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमधून.

राहिला फॉरमॅट. कन्व्हर्टर गेला तरी काकांच्या स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले’ येतच होतं. एम.जी. रोडवरच्या दुकानदाराने शनिवारी फॉरमॅटला बोलावलेलं. मी ती सूचना नीट वाचली, तर बारीक अक्षरात ‘गुगल क्रोम’ आणि खाली कुठल्याशा साइटचं नाव. म्हणजे सॉफ्टवेअर नव्हतंच. काकांनी कधीतरी ‘अलाऊ’ दाबलं होतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समधून ती साइट काढली, दोन मिनिटांचं काम. आणि कटकट क्रोममध्ये जोडलेल्या एखाद्या एक्स्टेंशनची, म्हणजे जोड-प्रोग्रामची, असती तर फॉरमॅटनंतर त्याच अकाउंटने सिंक चालू करताच ते परत हजर झालं असतं.

काकांनी दुकानात फोन करून शनिवार रद्द केला. मेसेज मात्र ग्रुपवर पुन्हा आलाय, या वेळी दुसऱ्या विंगमधून.