आईसारखे पाय

आज संध्याकाळी देवळात प्रवचनाला गेले होते. तिथे जे डोकं तापलं ते अजून शांत झालेलं नाही. कुंतीने कर्णाचं गुपित सांगितलं, युधिष्ठिराने चिडून समस्त बायकांना शाप दिला आणि तेव्हापासून बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बुवा म्हणाले आणि सगळा मंडप हसला. बायकासुद्धा! माझ्या शेजारी अण्णा बसले होते. ते उठले आणि अंधारात चपला चाचपत बाहेर गेले.

शाप शांतिपर्वात आहे, मान्य. बुवांनी पदरचं घातलं नाही. पण त्याच्या आधीचं का गाळलं? अठरा दिवसांचं युद्ध संपलंय, गंगेवर मेलेल्यांना पाणी देणं चाललंय आणि कुंती म्हणते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. गप्प राहिली असती तर मुलांसमोर मान तरी ताठ राहिली असती तिची. तरी बोलली. यात हसायचं काय?

आमच्या घरी हे घडलंय. १९६४ साली फडताळातले सुपारीचे पैसे गेले. आजोबांनी थोरल्या काकांना मारलं. काका सतरा वर्षांचे. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बोटीत बसले, ते आजतागायत परतले नाहीत. पैसे अण्णांनी घेतले होते. वय वर्षं दहा.

अण्णा बोलले तब्बल सत्तावीस वर्षांनी, आजोबांच्या म्हाळाला, बोटात दर्भाचं पवित्र असताना. ओंजळीतलं पाणी हातावरून ओघळत होतं. भटजी थांबले. आजी दारातून म्हणाली, "पाणी सोडू नको हां त्याच्या नावाने. आहे तो." बाकी एक शब्द नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं अण्णा अजून म्हणतात.

बुवांनी गाळलेली आणखी एक गोष्ट सांगते. युधिष्ठिर नारदांना म्हणतो, द्यूतसभेत कर्णाचं बोलणं ऐकून संताप यायचा, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की विझायचा. ते पाय कुंतीसारखे होते. का, ते शोधूनही कळलं नाही. समोर भाऊ होता, पाय दिसत होते आणि तरी कळलं नाही, याची आग आहे ती. त्या आगीत तो आईला बोलला. कुंतीने आधी सांगायला हवं होतं, हेही खरंच. पण दहा वर्षांच्या पोराला बोलायला सत्तावीस वर्षं लागतात, तर तिला का लागू नयेत?

काकांचा फोटो नाही आमच्याकडे. आजीच्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्याहून लांब होतं, तसंच काकांचं, एवढीच खूण. चिपळूणच्या एसटी स्टँडवर अण्णा म्हाताऱ्या माणसांच्या पायांकडे बघत बसतात. मी लहानपणी चिडायचे, गाडी चुकेल म्हणून. आता नाही चिडत.

युधिष्ठिराला निदान पाणी देता आलं. अण्णांना तेही नाही. काका असतील तर अठ्ठ्याहत्तरचे असतील.

आजी गेली, पण तिचा शब्द घरात चालतो. म्हाळाला काकांचं पान कावळ्यासाठी कौलावर जात नाही, पंगतीत लागतं, अण्णांच्या उजव्या हाताला. परवाही लावलं. वडे, खीर, अळूचं फतफतं वाढून मी मागे सरले, तर अण्णा त्या पानाकडे बघत म्हणाले, "मीठ राहिलं गं त्याचं."