वाड्यातली जखीण आणि उघडं पेव

"देशमुखाच्या वाड्यात रात्री बारानंतर काय होते? वाचा आणि दहा जणांना पाठवा." दारव्ह्याकडच्या आमच्या गावातल्या पडक्या वाड्यावरचा हा मेसेज उन्हाळ्यापासून मोबाईलवर फिरतोय. इंग्रज कलेक्टरचा तळतळाट, सरकारी बंदीचा बोर्ड, रात्रीचे पैंजण, पांढरी बाई, छातीवर बसणारी हडळ आणि तळघरातल्या धनावर बसलेली जखीण, असं सगळं एकाच मेसेजात कोंबलंय. तो फिरत फिरत माझ्या मावशीकडे पोचला. त्यानंतर तिच्या बारावीतल्या नातीच्या दंडाला काळा गंडा आला आणि येत्या अमावस्येला भगत बोलवायचं ठरलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

कलेक्टरचं आधी उरकते. "1820 साली इथल्या इंग्रज कलेक्टरने वाड्यात गळफास घेतला" म्हणे. आपलं हे वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलं 1853 च्या तहाने. 1820 ला इथे निजामाचा अंमल होता. जो कलेक्टर नेमलाच नव्हता, त्याने फास कुठून घ्यायचा?

बोर्डाचा फोटो राजस्थानातल्या भानगढचा आहे, अलवर जिल्ह्यातला. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी आत यायला मनाई, असं त्यावर लिहिलंय. भुताचं नावही नाही. पुरातत्त्व खातं बहुतेक ठिकाणी रात्री फाटक लावतंच. आमच्या वाड्यावर कुठल्याच खात्याचा बोर्ड नाही. तिथे आहे ती पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली देवडी.

आता आवाज. मावशीचं म्हणणं, "सारं गाव म्हन्ते व माय, मंग सारेच का खोटे हायेत?" गाव खोटं बोलतं असं मी म्हणतच नाही. आवाज येतात, मी स्वतः ऐकलेत. दिवसाउजेडी माजघरात जाऊन पाहा. तुळईला बंगईची, म्हणजे झोपाळ्याची, साखळी अजून लटकतेय. फळी कोणीतरी कधीच नेली, कड्या राहिल्या. सगळी साखळी तांबेरलेली, पण जिथे कडीत कडी अडकते तिथे आतली बाजू घासून लखलखीत. म्हणजे ती आजही हलतेय. मागची भिंत पडलीय, तिथून वारा थेट आत येतो. साखळी बोटाने हलवा, पैंजण तिथेच वाजतील. दिवसभर 45 डिग्रीत तापलेलं सागवान रात्री निवताना कडकडतं, तो जिन्यावरच्या पावलांचा आवाज.

पांढरी बाई म्हणजे गव्हाणी घुबड. चेहरा पांढरा, पोट पांढरं, उडताना पंखांचा आवाज नाही आणि ओरडणं असं की अंगावर काटा यावा. वाड्याच्या कोनाड्यात त्यांचं घरटं आहे. शेतातले उंदीर खाणारा पक्षी, त्याला पोरं दगड मारतात ते या मेसेजमुळेच.

छाती दाबण्याची गोष्ट वेगळी. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही, कारण मावशीची नात खोटं सांगत नाही. मैत्रिणींसोबत वाडा पाहून आली आणि चार-पाच रात्रींनी पहाटे जाग आली तर हात हलेना, तोंडातून शब्द फुटेना, छातीवर वजन आणि दाराशी कोणीतरी उभं. कोणालाही वाटेल की वाड्यातलं मागे लागलं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून खरंच पळेल. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मनासारखा खोल श्वास घेता येत नाही, म्हणून छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. डोळे उघडे, पण स्वप्न अजून चालू, म्हणून दाराशी बाई दिसते. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, आपोआप सुटतं.

हे माझ्या मनाचं नाही. शार्पलेस आणि बार्बर या दोघांनी 2011 साली 35 अभ्यास एकत्र करून, 36 हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. सर्वसामान्य लोकांत 7.6 टक्क्यांना हे आयुष्यात एकदा तरी झालेलं होतं. विद्यार्थ्यांत 28.3 टक्क्यांना! अपुरी आणि अवेळी झोप, मनावर ताण आणि उताणं झोपणं, यांनी हे वाढतं. आमची पोरगी रात्री दोनला पुस्तक मिटते, पाचला उठते आणि झोपते उताणी. त्यात झोपायच्या आधी हाच मेसेज वाचते. मग जे दिसेल ते वाड्यातलंच दिसणार. तिला गंड्याची नाही, सात-आठ तास झोपेची गरज आहे. फार वेळा व्हायला लागलं तर डॉक्टर.

आणि भगत धुरी देणार असेल तर मावशीनेच नाही, सगळ्या घराने ऐकावं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हे नावं घेऊन लिहिलंय. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. पोरीचा दम कोंडला तर अमावस्या आडवी येणार नाही.

मेसेजातली सगळ्यात घातकी ओळ मात्र शेवटी आहे, आणि ती कोणी मनावर घेतलेली दिसत नाही: "तळघरात सात हंडे मोहरा आहेत. एक गवंडी उतरला, जखिणीने गळा दाबला. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही गेला. फक्त पायाळू माणूस लिंबू-नारळ देऊन उतरू शकतो."

माणसं कोसळल्याचं मी अगदी खरं धरते. असंच होतं. ते तळघर नाही, पेव आहे. म्हाताऱ्यांना विचारा. जमिनीत खोदलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडबा लावून ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून घ्यायचं. बंद पेवात धान्य श्वास घेत राहतं, हवेतला ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. रिकाम्या पेवात कुजलेला कडबा, पाला, झिरपलेलं पाणी हेच काम करतं. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. आपल्या नेहमीच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 10 टक्क्यांच्या खाली गेला की माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. वरचा भाऊ पाहतो की हा पडला, घाबरून उतरतो आणि त्याच्यावरच पडतो. जुन्या विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये दरवर्षी माणसं अशीच पाठोपाठ मरतात, तिथे कोणी जखीण म्हणत नाही.

जुनी माणसं पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवत आणि आधी कंदील सोडत. कंदील विझला की कोणी उतरत नसे. एवढं शहाणपण होतं. पण कंदील जळतोय म्हणून आत सुरक्षित आहे असंही नाही, विषारी वायू ज्योत न विझवताही मारतो. वरून दोर धरणारं कोणी नसताना, किंवा श्वासासाठी हवा पुरवणाऱ्या उपकरणाशिवाय, पेवात उतरूच नये. लिंबू-नारळाने ऑक्सिजन वाढत नाही. पायाळू असो की डोक्याने जन्मलेला, फुफ्फुसं सारखीच.

आणि पायाळू माणूस शोधणं म्हणजे काय, हे विदर्भात वेगळं सांगायला हवं का? गुप्तधनाच्या नादात लेकरांचा बळी देण्यापर्यंत मजल गेलेली आपण पेपरात वाचलीय. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं आणि त्याला चिथावणी देणं, दोन्ही त्याच कायद्यात गुन्हा आहे. शिवाय 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. ज्याने मेसेज लिहिला त्याने हे कुठे सांगितलं?

एक गोष्ट मेसेजातली बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते: अंधारात वाड्यात जाऊ नये. माळवदाच्या कड्या कुजल्यात, मागच्या चौकातल्या आडाला कठडा नाही, दगडांत साप आहेत. त्याच आडात कोणा सुनेने जीव दिला असं म्हातारे सांगतात. दिला असेल. मग तिची हडळ करून दहा जणांना पाठवायची?

पेवाच्या तोंडावरचा दगड गेल्या महिन्यात कोणीतरी सरकवलाय. बाजूला हळदी-कुंकू आणि अर्धं नारळ पडलंय. ग्रामपंचायतीला मी अर्ज दिलाय, तोंडावर लोखंडी जाळी बसवून कुलूप घाला म्हणून. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी ज्या ज्या गटात तो टाकला तिथे आज एवढंच लिहावं: पेवात कोणी उतरू नका, खाली हवा नाही.