शॉक आणि शेजार

डोळ्यांत साबण गेलेल्या आणि चाचपडत नळ शोधणाऱ्या माणसाला त्याच नळाने शॉक द्यावा, याइतकी अप्रतिष्ठा दुसरी नसेल. परवा सकाळी गिझरच्या नळाने मला दिलेला झटका जिवावर बेतणारा नव्हता; कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की हातातून जी मुंगी धावते, तितपतच होता. परंतु त्यासरशी मी काढलेला उद्गार थेट जिन्यापर्यंत गेला असावा, कारण मी मेन स्विच बंद करून, अंग कसेबसे पुसून बाहेर आलो, तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका दारात उभे होते.

“शॉक बसला म्हणता?” त्यांनी विचारले. त्यातला ‘म्हणता’ मला तेव्हाच खटकला.

काकांनी स्विच पुन्हा चालू करायला लावला, न्हाणीघरात शिरून वैद्याने नाडी पाहावी तशी दोन बोटे नळावर ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ काही घडले नाही. “तुमचे जागरण झाले आहे का?” डोळे न उघडताच त्यांनी विचारले. काही माणसांच्या अंगातच मुळात वीज जास्त असते, अशा माणसांनी धातूपासून जपून राहावे, असेही त्यांनी सांगितले. तुमच्या पायांत रबरी चपला आहेत, त्यामुळे विजेला तुमच्यातून जमिनीकडे जायला वाट नाही, हे मी शक्य तितक्या नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिले.

“मग तुम्हीही घालाव्यात,” काका म्हणाले. “अंघोळीला अनवाणीच गेले पाहिजे, असे कुठे लिहिले आहे?”

यावर उत्तर नव्हते. मात्र माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. त्यांनी चपला काढल्या, ओल्या फरशीवर पाय रोवले आणि मी नको नको म्हणत असताना नळाला हात लावला. त्यांच्या भुवया वर चढल्या, हात मागे आला, आणि मग एखाद्या जाणकाराने पुन्हा एकदा चव घेऊन पाहावी तसा तो पुन्हा पुढे गेला. “आहे,” ते म्हणाले. “पण सौम्य आहे. आमच्याकडे याहून मोठा येतो.”

त्या स्वरात अभिमान होता. त्यांच्याकडचा शॉक म्हणे कोपरापर्यंत चढतो, हिवाळ्यात खांद्यापर्यंत पोहोचतो, आणि इतक्या वर्षांत घरातल्या एकानेही कधी तक्रार केलेली नाही. माझे दुखणे दोन मिनिटांत दुय्यम दर्जाचे ठरले.

इलेक्ट्रिशियन आला, तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभा राहिला, टेस्टर नळाला टेकवला, त्यातला दिवा जेमतेम लुकलुकला आणि “पाण्यात किरकोळ करंट उतरला आहे, नवीन गिझर घ्या” असा निकाल देऊन निघून गेला. अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी वाट, तपासता का, असे विचारल्यावर त्याने सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकाकडे बोट दाखवले. भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, ही त्याची श्रद्धा.

दुसरा माणूस बोलावला. त्याने मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तेव्हा सॉकेटमागे अर्थिंगची हिरवी वायर होती, आणि भिंतीतून आलेली आणखी एक हिरवी वायर चार वेढ्यांची सुबक गुंडाळी करून, टोकाला टेप लावून, कोपऱ्यात नीट ठेवलेली होती. दोघींची भेट मात्र कधी घडलेली नव्हती. निष्काळजीपणा मी समजू शकतो. पण ज्या माणसाने ती गुंडाळी इतक्या निगुतीने बांधली, त्याला एक स्क्रू आवळणे जड का गेले, याचा विचार करून माझे डोके अजूनही तापते. जुने लोखंडी पाइप होते तोवर गळणारी वीज त्या पाइपांवाटे मुकाट्याने जमिनीत जात असावी. आम्ही हौसेने प्लॅस्टिकचे पाइप घातले आणि तिची तीही वाट बुजवली. 30 मिलिअँपिअर वीज गळताच सर्किट तोडणारे उपकरण आमच्या बोर्डात आहे. ते ढिम्म राहिले, कारण वीज गळायला वाटच नव्हती, आणि जी एक वाट होती ती साबण लावून उभी होती. मुंग्या जाणवायला एखादा मिलिअँपिअरही पुरतो. म्हणजे ते उपकरण जागे व्हायला मला आणखी बराच मोठा शॉक बसावा लागला असता.

मग गिझर उतरवला. कॉइलवर क्षारांचे पांढरे कवच चढले होते. त्याखाली उष्णता कोंडून तिचे आवरण तडकले होते आणि तिथूनच करंट पाण्यात उतरत होता. टाकीच्या तळाशी गंजाचा लाल चिखल होता. आणि मॅग्नेशियमचा रॉड म्हणून जे बाहेर आले, ती झडलेल्या खराट्याची एक काडी होती. असा रॉड टाकीत असतो, लोखंडाऐवजी स्वतः झिजण्यासाठीच तो ठेवलेला असतो आणि तो वेळोवेळी बदलायचा असतो, हे मला त्या दिवशी कळले. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजायला तयार असते, एवढ्यावर ही सारी व्यवस्था उभी आहे. 1824 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने हीच युक्ती जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यासाठी सुचवली होती. तांबे वाचलेही, पण न झिजणाऱ्या तांब्यावर शंख-शिंपले आणि शेवाळ यांनी बिऱ्हाड थाटले आणि जहाजे मंदावली. डेव्हीचे दुःख मला आज अगदी जवळचे वाटते. माहितीपुस्तिकेत रॉडबद्दल एक ओळ होती, हे कबूल करतो. ती सव्विसाव्या पानावर, गिझर भिंतीवर ठोकून झाल्यानंतर वाचायच्या मजकुरात होती.

टाकी वाचण्यासारखी होती. नवी कॉइल, नवा रॉड, हिरव्या वायरींची भेट, एवढे एका दुपारी उरकले. जिन्यात काका भेटले, तेव्हा तुमच्याकडेही बोर्ड उघडून पाहायला सांगा, असे मी कळकळीने म्हटले.

“कशाला?” ते म्हणाले. “आम्ही नळाला रबरी नळीचा तुकडा चढवला आहे.” आणि संध्याकाळी दारावरची घंटा वाजली: उरलेला वीतभर तुकडा कागदात गुंडाळून ते माझ्यासाठी घेऊन आले होते.