माणदेशातील मेंढपाळी आणि चराऊ रानांचा प्रश्न

माणदेशातील मेंढपाळीवरील एका लेखात मेंढ्या घटण्याचे खापर केवळ दुष्काळावर फोडले आहे, ते मला पटत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या माण, आटपाडी, सांगोला आणि जत या माणदेशी तालुक्यांत पाऊस नेहमीच तुटपुंजा आणि बेभरवशाचा राहिला, आणि महादेव डोंगररांगेत उगम पावून भीमेला मिळणारी माणगंगा वर्षातील बराच काळ कोरडीच असते. मेंढपाळी याच परिस्थितीतून उभी राहिली. पावसाळा सरला की काही कळप घाट उतरून कोकणात, तर काही कृष्णाकाठी जात, आणि रात्री शेतात मेंढ्या बसवून मिळणाऱ्या खताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देत असत. हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या गरजेचा होता, हे त्या लेखात ठळकपणे यायला हवे होते. आता कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू योजनेचे पाणी आटपाडी-सांगोल्याकडे पोहोचले आहे. ते हवेच होते, परंतु डाळिंबाच्या बागांना कुंपणे पडली, पडीक माळ लागवडीखाली आले आणि कळपांच्या जुन्या वाटा अडल्या. दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाडसर लोकरीला घोंगडीखेरीज फारसे गिऱ्हाईक उरले नाही. जत तालुक्यातील उंच, बाकदार नाकाच्या माडग्याळ मेंढीला मात्र आज मोठी किंमत मिळते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीतील जुळी कोकरे होण्याचा जनुक दख्खनी मेंढीत आणला, हे कामही मोलाचेच आहे. तरीही चराऊ रानांवरील मेंढपाळांचा हक्क कागदावर नोंदवल्याशिवाय नुसत्या जातिवंत मेंढ्या वाटून हा व्यवसाय टिकेल, असे मला वाटत नाही.