नाताळ शेजारचा, तबक आपलं

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन निरोप हमखास येतात. पहिला फोंड्याच्या चुलतभावाचा: हिंदूंच्या मुलांना सांताक्लॉज बनवू नका, २५ तारखेला तुळशीपूजन करा. दुसरा पणजीच्या आतेबहिणीचा: नाताळ आता साऱ्या जगाचा झाला, त्यात धर्म कशाला आणता, केक खा आणि गप्प बसा. मग दोघांची जुंपते. मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्यात मुलांना सांता करण्याआधी शाळांनी पालकांची लेखी परवानगी घ्यावी असा आदेश निघाला होता, त्याची बातमी दरवर्षी नव्याने फिरते. आणि साक्षीला दोघांनाही मी लागते. 'तू तिकडे आहेस ना, तूच सांग याला.'

तर सांगते.

मी इंग्लंडातल्या स्विंडनला असते. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे नाव सांगितलं तर 'लंडनपासून किती लांब?' असं विचारतो. उत्तर गोव्यातल्या बार्देसात सांगितलं तर 'कुठल्या रस्त्यावर?' म्हणून विचारतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या आधी हजारो गोंयकार इंग्लंडात आले आणि त्यातले पुष्कळ या एकेकाळच्या रेल्वे कारखान्याच्या गावात स्थिरावले, गोदामांतल्या पाळ्यांवर लागले. आम्ही नवऱ्याच्या नोकरीपायी आलो, पण शेजार त्यांचाच मिळाला. आमच्या रांगेत म्हापशाकडची दोन घरं आहेत, दोन्ही ख्रिस्ती. नळ गळत असला तरी निरोप कोकणीतून जातो.

लेक पाच वर्षांची आहे. शाळेत येशूजन्माचं नाटक झालं, त्यात ती मेंढी झाली. काळं तोंड, अंगाला कापूस, संवाद एकच: 'बॅऽऽ'. फोटो ग्रुपवर टाकला आणि भावाने विचारलं, 'परवानगी घेतली होती का शाळेने?' खरं तर इथे तशी सोय आहे. १९८८च्या शिक्षण कायद्याने इथल्या सरकारी शाळांतली रोजची सामूहिक प्रार्थना मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी असं ठरवलंय, आणि पालकांना आपलं मूल त्यातून बाहेर काढायचा हक्कही ठेवलाय. माझ्या ओळखीत तो हक्क कुणी वापरल्याचं ठाऊक नाही. दिवाळीत याच वर्गाने रांगोळी काढली, कागदी पणत्या केल्या, तेव्हा कुणाच्या आईने चिठ्ठी पाठवली नव्हती. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळीची रोषणाई भाऊ दरवर्षी अभिमानाने फॉरवर्ड करतो, हे जाता जाता.

तुळशीचा मुद्दा आधी उरकते, कारण तो छोटा आहे. आपल्याकडे तुळशीचं लग्न कार्तिकात लागतं. गोव्यात तर त्या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात. वृंदावन रंगवायचं, ऊस उभा करायचा, चिंच-आवळ्याची डहाळी खोवायची, अंतरपाट धरायचा, सगळं यथासांग. नाताळ येईतो त्या लग्नाला महिना तरी उलटलेला असतो. रोज तिन्हीसांजेला दिवा लागतो तो वेगळाच. अशा तुळशीला डिसेंबरात पुन्हा पुढे करायचं, ते तिच्या भक्तीपोटी नव्हे, शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून. माझ्या आजीने असल्या पूजेला हळदीकुंकू दिलं नसतं.

भावाचा दुसरा मुद्दा मात्र जड आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. 'इतिहास विसरलात तुम्ही लोक,' म्हणतो तो. आमची कुलदेवता म्हाळसा. ती मूळची गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या वेर्ण्याची. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा तिला नदीपार म्हार्दोळला हलवली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. आजीनेच सांगितलं, नारळ खोवता खोवता, तारखा सोडून बाकी सगळं. आणि तीच आजी नाताळच्या दुपारी पडवीत बसून वाट बघायची, शेजारच्या घरून क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं तबक येण्याची. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, पेराद, सगळं गोडधोड. आपल्याकडच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्यांच्याकडे गेलेल्या नेवऱ्या आणि लाडवांचा तो परतावा असायचा. अंडं घातलेलं बाजूला काढून ती आम्हा पोरांना द्यायची, दोदोल स्वतःला ठेवायची. तेव्हा भावाला मी म्हणते, ज्यांना इतिहास घरातून मिळाला होता त्याच माणसांनी ही तबकं दिली-घेतली. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून फेस्ताला तेल वाहणारे हिंदू काय इतिहास न वाचल्यामुळे जातात?

आता आतेबहिणीकडे वळते, कारण तीही सुटत नाही. 'सगळ्या जगाचा सण' म्हणजे काय असतं ते मी इथे रोज बघते. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवलं, निम्म्याहूनही कमी. पण नाताळ मात्र शंभर टक्के. ऑक्टोबर संपायच्या आत दुकानांत मिन्स पाय, डिसेंबरात ऑफिसला विनोदी स्वेटर घालून जायचा दिवस, २५ला रस्त्यावर बस नाही की रेल्वे नाही, आणि घरात टर्की, कागदी मुकुट, टीव्ही. वाईट काही नाही त्यात, मलाही भाजलेला बटाटा आवडतो. पण पहिल्या वर्षी लेकीला वाटलं होतं की नाताळ म्हणजे सांताचा वाढदिवस. तिचं तरी काय चुकलं? तिला दिसलं तेच तिने सांगितलं. धर्म काढून टाकला की सण सगळ्यांचा होतो म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर तो दुकानाचा झाला.

आणि ज्या सांतावरून तिकडे रणं माजतात, तो आमच्या वाड्यावर होता कुठे? आमच्या लहानपणी नाताळ म्हणजे येशूजन्माचा गोठा आणि नक्षत्र, म्हणजे कागदी चांदणी. नक्षत्राला लागणाऱ्या बांबूच्या काड्या आमच्या आकाशकंदिलातून उरलेल्या असायच्या. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळणारी पोरंच ३१ डिसेंबरच्या रात्री 'ओल्ड मॅन', म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायची. दोन्हीच्या पोटात तेच गवत आणि तेच फटाके, दोन्हीसाठी रस्ता अडवून तीच वर्गणी. गोठ्यापुढे हिरवळ हवी म्हणून नाचणी रुजत घालायची असे, आणि हे काम आमच्या घराकडे होतं. का ते कुणी विचारलं नाही. सण त्यांचा, पण त्यात आमचं काम ठरलेलं. पाहुणे नाही, मालकही नाही. भाऊ आणि बहीण दोघेही नाताळ आपला की परका एवढंच विचारतात. आमच्या वाड्यावर हा प्रश्न कधी उठलाच नाही, कारण तबक कोण आणणार आणि रिकामं परत कसं पाठवायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

तो वाडा आता कसा आहे ते मात्र दोघंही बोलत नाहीत. गेल्या सुट्टीत गेले तेव्हा तबक यायचं त्या घराला कुलूप होतं. शेजारच्या दोन घरांनाही. एकाच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पिंपळाचं रोप आलेलं, एकाच्या गेटवर दिल्लीच्या मालकाची पाटी. घरची माणसं कुठे असतील? एक कुटुंब लिस्बनला, बाकी इथे, माझ्याच गावात, रात्रपाळीला. सांताच्या टोपीने कुणाची संस्कृती बुडते म्हणून भाऊ तावातावाने लिहितो तेव्हा मला ती कुलपं आठवतात. तबक देणारंच गावात उरलं नाही तर नाताळ साजरा करावा की करू नये हा वाद घालायला वेळ भरपूर मिळणार.

आमच्या घरी आम्ही काय करतो ते आता सांगायला हवं. झाड आणत नाही. दिवाळीचा आकाशकंदील खिडकीत लावतो तो जानेवारीपर्यंत उतरवत नाही. समोरच्या इंग्रज आजीबाई त्याला 'सुंदर ख्रिसमस स्टार' म्हणतात आणि मी हो म्हणते. डिसेंबरच्या सुरुवातीला लेक आइस्क्रीमच्या डब्यात ओली माती घालून नाचणी पेरते. इथे ऊन नाही, म्हणून डबा रेडिएटरजवळच्या खिडकीत. कोंब येतात, पण फिकट, लांबुडके, एका बाजूला झुकलेले. तसेच ते दोन घरं सोडून असलेल्या आंटीच्या गोठ्यात जातात आणि लेक तिथे बोट दाखवून सांगते: हा येशू, ही त्याची आई, ही मेंढी म्हणजे मी.

त्या आंटीकडेच २३ तारखेला बेबिंका, म्हणजे थराथरांची गोवेकरी मिठाई, होते. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आंटी म्हणाली, 'कागद मिळाला, आता पेशन्स कोण देणार?' नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा, जायफळ, आणि मग एकेक थर. गावी झाकणावर निखारे ठेवून वरून आंच द्यायचे. इथे ओव्हनच्या ग्रिलखाली. पहिला थर तपकिरी झाला की चमचाभर तूप, मग दुसरा थर, पुन्हा ग्रिल. दार मिनिटभर उशिरा उघडलं तर काळा डाग. लेकीचं काम थर मोजायचं. सातव्याला ती हमखास विसरते आणि आंटी 'परत पहिल्यापासून' म्हणून तिला घाबरवते. मध्येच आंटी सांगते की हा बाळ गोठ्यात का जन्मला, सराईत जागा का मिळाली नाही. मी ऐकत असते. ही गोष्ट लेकीने तिच्याकडून ऐकावी, माझ्याकडून नको, कारण आंटीची त्यावर श्रद्धा आहे. माझ्या तोंडी ती नुसती माहिती होईल. तसंच चवथीला आंटीचा नातू आमच्याकडे येतो, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेली फळं ओळखतो, आरतीच्या टाळ्या चुकवतो. त्याला गणपतीची गोष्ट मी सांगते.

भावाला डिवचायला आणखी एक गोष्ट आहे माझ्याकडे. स्विंडनपासून जवळच बुश्टन नावाचं खेडं आहे. थॉमस स्टीफन्स तिथला. जेझुइट पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला, १६१९ मध्ये तिथेच वारला. येशूजन्माची गोष्ट त्याने मराठी ओव्यांत बांधली. ते पुराण १६१६ मध्ये साष्टीत राशोलला छापलं गेलं, अकरा हजारांच्या घरात ओव्या आहेत त्यात. नवख्रिस्तींना पुराणाची सवय होती, ती मोडण्यापेक्षा वळवावी हा त्याचा हिशेब होता, यात मला शंका नाही. हेतू धर्माचा होता. पण मराठीचं कौतुक त्याने केलं तसं आपल्यातही थोड्यांनीच केलंय, हेही तितकंच खरं. देवळं पाडणाऱ्यांच्या काळातला, त्यांच्याच बाजूचा माणूस, आणि आपल्या भाषेचा प्रेमी. या दोन गोष्टी भावाच्या एका निरोपात मावत नाहीत, बहिणीच्याही नाही. त्याच्या गावाहून दहा-पंधरा मैलांच्या आत बसून मी हे मराठीत टाइप करते आहे, याची मला मजा वाटते.

या वर्षी सासूबाई आल्यात. व्हिसाच्या आधी त्यांनी विचारलं ते माडाच्या गुळाचं: 'न्यायला देतात ना?' तो काळा गूळ, तांदळाचं पीठ आणि टिनमधलं नारळाचं दूध, आंटी आणि त्या दोघी आलटून पालटून ढवळत होत्या. दोघींचे दंड दुखायला लागले तसं उरलेलं ढवळणं नवऱ्याच्या गळ्यात पडलं. दोदोल कढईला सोडून यायला लागलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आमच्या हलव्यापेक्षा बरं जमलं.

ग्रुपवर फोटो टाकला. बहिणीने तीन हार्ट पाठवले. भावाने तासाभराने लिहिलं की फोंड्यातही ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरून तबक आलंय, बायको हात लावू देत नाहीये, दोदोलात अंडं असतं का ते सांग.

नसतं, दादा. खा. रिकामं तबक मात्र परत पाठवू नकोस.